चुन्यावर पिस्ता

आमच्या घराची पुढची खोली रंगवायची ठरली, तेव्हा ब्रश विकत आणायच्या आधी पत्रक छापून झालं होतं.

याला कारण बाबा. बाबा संग्रामपूरच्या एका छापखान्यात मशीनवर आहेत. निवडणूक असो, हरवलेली म्हैस असो की नवीन उघडलेलं दुकान, अर्ध्या तालुक्याची पत्रकं त्यांच्या हातून निघतात आणि छापताना बिघडलेली सगळी सोनाळ्याला आमच्या घरी येतात. त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझा गृहपाठ झाला, किराण्याच्या याद्या झाल्या, आईच्या गिऱ्हाइकांची मापं झाली. छापील बाजूवर मी वाचायला शिकले. वर्गातली बाकीची मुलं बदक आणि मगर वाचत होती तेव्हा मी “बंधुभगिनींनो, जागे व्हा!” वाचत होते. (पाच वर्षांची असताना हे मी भल्या सकाळी अंगणात उभं राहून खड्या आवाजात वाचलं. शेजारचे काका खरोखरच जागे झाले आणि त्यांनी चप्पल फेकली. जनजागृतीचा माझा पहिला अनुभव!)

तर खोली. पुढच्या खोलीत आईची शिलाई मशीन आहे. भिंतींना दरवर्षी चुना, त्यात चिमूटभर नीळ. चुन्याच्या भिंतीचा स्वभाव फार दानशूर. जो टेकेल त्याला ती आपलं काहीतरी देतेच. आम्हा घरच्यांना सवय होती; आम्ही खोलीत सर्कशीतल्या माणसांसारखे कुठेही न टेकता वावरायचो. पण आईच्या गिऱ्हाईक निर्मलाकाकू काळ्या ब्लाउजची ट्रायल घ्यायला आल्या, बाही बघताना भिंतीला टेकल्या आणि तशाच थेट पुतणीच्या साखरपुड्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मोबाईल घेऊन आल्या. मोबाईलमध्ये सोळा फोटो होते आणि सोळाही फोटोंत त्यांची पाठ होती.

“हे पाह्य वं शीला,” काकू आईला म्हणाल्या. “ब्लाउज तू बेस शिवलं. पण तुया भितीनं त्याच्यावर आपल्या मनानं एम्ब्रॉयडरी केली.”

“मी धुऊन देतो बाई...”

“ब्लाउज धुशीन. फोटो कशानं धुशीन?”

आणि प्रश्न नुसत्या ब्लाउजचाही नव्हता. येत्या रविवारपासून आई त्या खोलीत शिवणक्लास सुरू करणार होती. वर्षानुवर्षं लोकांचे फॉल-पिको केल्यावर तिनं हे धाडस केलं होतं. अकरा बायांनी नावं दिली होती. त्यातल्या काहींनी तर घरी चार-चार दिवस भांडून परवानगी मिळवली होती. आणि निर्मलाकाकूंच्या तोंडून एखादी गोष्ट निघाली की ती एसटीच्या आधी पुढच्या गावाला पोचते! ‘शीलाच्या घरी गेलं का कापड खराब होते’ एवढं एक वाक्य पुरेसं होतं. अकराच्या अकरा गेल्या असत्या.

“मले असा रंग पाहिजे,” आई म्हणाली, “जो भितीवरच राहीन. कापडावर येणार नाई. बस. दुसरं काही मांगणं नाई माह्यं.”

मागणी अत्यंत रास्त होती. मी ताबडतोब लढा हाती घेतला.

पहिली पायरी अभ्यास. मोबाईलवर शोधलं तर एक परदेशी पान उघडलं: घराला लॅटेक्स रंग द्यावा की ॲक्रिलिक? मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. लॅटेक्स म्हणे पाण्यानं धुता येतो, वास कमी, हाताळायला सोपा. ॲक्रिलिक जास्त चिवट, जरा ताणला जाणारा, ऊन-पावसाला टिकणारा आणि किमतीलाही चढा. मला विलक्षण कुतूहल वाटायला लागलं. इतकी वर्षं मी भिंतींवर काय लिहावं याचा विचार केला होता, भिंतीला काय लावावं याचा कधीच नाही! लॅटेक्स म्हणजे नेमकं काय? शब्दकोशात पाहिलं: चीक. रबराच्या झाडाला खाच पाडतात, त्यातून पांढरा चीक ठिबकतो, मजूर तो वाटीत गोळा करतात.

झालं! माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. एका बाजूला झाड, मजूर आणि वाटी. दुसऱ्या बाजूला प्लास्टिक, कारखाना आणि कंपनी. बाजू निवडायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. (त्या परदेशी पानाच्या खाली आणखी बराच मजकूर होता. पण सत्य सापडल्यावर माणूस पुढे कशाला वाचेल?)

“बाबा, पत्रक काढणं हाये.”

“किती प्रती?” बाबा म्हणाले. (मजकूर काय, हे बाबा कधीच विचारत नाहीत.)

“आपल्या तिघांसाठीच हाये. तीन.”

“तीन प्रतींसाठी कोणी मशीन सुरू करते का बे? शंभर काढू.”

आणि अशा रीतीनं एका खोलीच्या रंगाबद्दल, तीन माणसांच्या घरात, शंभर पत्रकं आली. मथळा होता: “भिंतीलाही श्वास हवा! प्लास्टिकच्या ॲक्रिलिकला हद्दपार करा! झाडाचा लॅटेक्स घरी आणा!” आईनं पत्रक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, कोऱ्या बाजूवर ‘छाती ३४, कंबर ३०’ लिहिलं आणि मग छापील बाजू शेवटपर्यंत वाचली.

“कापडाले लागते का नाई लागत, हे काऊन नाई लिवलं याच्यात?”

“आई, हा त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न हाये.”

“मले लहानच पाहिजे होता,” आई म्हणाली.

तरीही शंकेला जागा नको, म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं. सोनाळ्यात रबराचं झाड नाही. पण चीक तो चीक! सकाळी वाटी घेऊन नाल्याकाठच्या वडाकडे गेले, पानं तोडून तोडून दोन चमचे चीक गोळा केला (यात दीड तास गेला आणि ‘शीलाची पोरगी वडाचं दूध काढून राह्यली’ ही बातमी गावात माझ्या आधी पोचली) आणि मशीनच्या मागच्या भिंतीवर तळहाताएवढा पट्टा दिला. दर दहा मिनिटांनी जाऊन पाहत होते. आधी दुधासारखा पांढरा. मग काचेसारखा चमकदार. मग तांबूस. खरं सांगते, इतकं मन लावून मी परीक्षेचा निकालही पाहिलेला नाही. पाणी उडून जातं आणि मागे एक पातळ साल राहतं, हे बघताना अंगावर काटा आला होता.

दुपारी आईनं त्यावर चिंधी घासली. म्हणजे घासायला गेली. चिंधी चिकटली. कापडाला भिंत लागली नाही, कापडच भिंतीला लागलं. ते ओढेपर्यंत माश्या आल्या. मग मुंग्या आल्या. संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्यावर अशी सर्वपक्षीय सभा भरली होती, जशी आमच्या एकाही पत्रकानं कधी भरवली नाही.

“झालं लॅटेक्स पाहून?” आई म्हणाली. “आता दुकानात जाय.”

संग्रामपूरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी गेले ती पिशवीभर पत्रकं घेऊनच.

“लॅटेक्स द्या.”

“मेडिकल समोर हाये, ताई.”

“मेडिकल काऊन?”

“हातमोजे तिथंच भेटते.”

“मोजे नाही हो! रंग! भिंतीचा लॅटेक्स रंग!”

दुकानदार विचारात पडला. “डिस्टेंपर हाये. इमल्शन हाये. दरवाज्याले ऑइल पेंट हाये. लॅटेक्स नावाचा डबा म्या तं नाई पाह्यला आजलोक.”

“झाडाचा रंग नाहीच तुमच्याकडे?”

“झाडाले माराचा गेरू हाये. देऊ?”

हे लोकांपासून लपवून ठेवलं जातंय, याबद्दल माझी खात्रीच पटली. मी त्याला पत्रक दिलं. त्यानं ते नीट वाचलं, मान हलवली, “बराबर हाये तुमचं,” म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यात पावशेर खिळे बांधून दिले.

दुकानाच्या बाकावर रफिकचाचा चहा पीत बसले होते. चाचा पेंटर. त्यांच्या पँटीवर तालुक्यातल्या प्रत्येक घराचा एकेक थेंब आहे. कुणाच्या घराला कोणत्या साली कोणता रंग होता हे चाचा त्या पँटीवर बोट ठेवून सांगतात.

“बेटा, झगडा कायचा हाये?” त्यांनी विचारलं.

मी सांगितला. सविस्तर. चहा गार झाला.

“आता आयक,” चाचा म्हणाले. “बाहेर मुलखात पाण्याच्या रंगाले लॅटेक्स म्हंतेत. आपल्याकडं त्यालेच इमल्शन म्हंतेत. रबराच्या झाडाचा एक थेंब नसते त्याच्यात.”

“एकही नाही?”

“कसम से, एक बी नाई. पाणी असते, पावडर असते अन् चिकटवाचा माल असते. पाणी उडून गेलं का तो माल भितीवर सालीसारखा राह्यते. माल ॲक्रिलिकचा असला तं रंग पक्का, हलका असला तं हलका. म्हंजे तू ज्याले निवडून आणून राह्यली अन् ज्याले पाडून राह्यली, ते दोघं एकाच घरचे हायेत!”

माझ्या पिशवीत त्या दोघांच्या वैराची शहाण्णव पत्रकं होती. मी पिशवीचं तोंड आवळून धरलं.

पण पुढचा प्रश्न थांबवता येईना. “मग चाचा, आईला पाहिजे ते कशानं होईल? कापडाला न लागणारं?”

“ते डब्यावर नाई लिवलेलं. भितीवर लिवलेलं असते. चाल, दाखवतो.”

चाचा खरोखरच आमच्या घरी आले. खोलीत शिरून त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि माझ्यापुढे धरला. पांढराशुभ्र!

“हे भित नाई, पीठ हाये,” चाचा म्हणाले. “पिठावर साल चिकटन का? पहिले हा चुना सारा खरवडा. मंग खड्ड्या-भेगांत पट्टी भरा, घासा. मंग अस्तर, म्हंजे प्रायमर. तवा कुठं रंग. मले डोणगावले एका बंगल्याचं काम हाये, आठ दिवसांनी येतो. तोवर हात नका लावू.”

ते गेले आणि मी विचार करायला लागले. (घरच्यांना या वाक्याची भीती वाटते.) रंगाच्या खाली आणखी एक रंग? जो कधीच कुणाला दिसणार नाही, पण ज्याचा डबा मात्र घ्यावाच लागेल? लॅटेक्सच्या बाबतीत माझं जरा चुकलं होतं, हे मी उदार मनानं मान्य केलं होतं. पण हा तर उघड कावा होता! चाचा भले माणूस. त्यांना कंपन्यांनी फसवलं असणार.

“न दिसणाऱ्या रंगाला आमचा विरोध हाये,” मी जाहीर केलं.

“किती प्रती?” बाबा म्हणाले.

“थांबा हो तुम्ही!” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “चाचा म्हंतेत तसंच करू. आठ दिवस थांबू.”

“अन् रविवार?”

रविवारचा क्लास पुढे ढकलला तर काय होईल हे आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चार दिवस भांडून मिळवलेली परवानगी आठ दिवस टिकत नाही. एकदा घराबाहेर निघालेली बाई निघते. एकदा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून बसली की बसते. आणि पांढरी भिंत तशीच ठेवून क्लास भरवला, तर सोळा फोटो गुणिले अकरा!

“तुले जमन का?” आईनं हळूच विचारलं.

“जमन!” मी म्हणाले. (हा शब्द मी आयुष्यात नेहमीच फार लवकर उच्चारत आले आहे.)

आईनं हलका पिस्ता रंग निवडला. डबा आणला तो ॲक्रिलिकचाच, हद्दपारीचा ठराव गुपचूप मागे घेऊन. शुक्रवारी बाबा आणि मी रंगवायला लागलो. डब्यावर ‘पाणी मिसळा’ असं लिहिलं होतं. मी ते साफ नाकारलं. रंगात पाणी? दुधात घातलं तर भेसळ म्हणतो आणि रंगात घातलं तर कृती? आम्ही रंग निव्वळ, दाट, अस्सल लावला. एक हात, दुसरा हात, आणि उरला म्हणून तिसरा. शनिवारी वाळवला.

आणि काय सांगू! भिंत अशी दिसायला लागली की बाबा चप्पल बाहेर काढून आत आले. आईनं काळ्या कापडाचा तुकडा घेतला, श्वास रोखला आणि भिंतीवर घासला. एकदा. दोनदा. मग उलटी बाजू. तुकडा उजेडात धरून पाहिला.

काळा. कुट्ट काळा!

आई हसली. दिवाळीला हसते तशी नाही. मशीनमधला दोरा पहिल्याच झटक्यात सुईतून गेला की हसते तशी. “चाचा उगीच म्हंत होते,” ती म्हणाली. मी खांदे उडवले. विजयी माणसानं नम्र असावं.

इथे मी थांबले असते तर ही आठवण इथेच संपली असती. पण कार्यक्रम म्हटला की भिंतीवर पत्रक लागतं. ते लागल्याशिवाय काही सुरू झालं असं आमच्या घराला वाटतच नाही. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशीसुद्धा बाबांनी दारावर एक लावलं होतं! तेव्हा रविवारी सकाळी बाबांनी मैद्याची खळ शिजवली (चांगली पातेलंभर; पत्रक लावायच्या खळीत बाबा कधी हात आखडत नाहीत) आणि मी पाच मोठी पोस्टरं मांडली. “सुई हाती, हक्क हाती!” “शिवू या, शिकू या!” अशी.

“चिपकवतं कायले?” आई म्हणाली. “खिळ्याले टांग ना.”

“नव्या भिंतीला खिळा? आई, जखम होईल तिला!”

पाची पोस्टरं मी नव्या पिस्ता भिंतीवर खळीनं चिकटवली. तळहातानं दाबून, हवा काढून, कोपरे पक्के करून. पोस्टर कसं लावावं यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

अकराच्या अकरा बाया आल्या. सतरंजीवर बसल्या. आणि बाराव्या निर्मलाकाकू आल्या. नाव द्यायला नव्हे, पाहायला. आणि येताना पांढरा ब्लाउज घालून.

“म्या म्हटलं, या खेपी बंदोबस्तानं जावं,” त्या म्हणाल्या आणि मुद्दाम भिंतीला पाठ लावून, “सुई हाती” या पोस्टरच्या बरोबर खाली बसल्या. पाच मिनिटांनी त्यांनी शेजारणीला पाठ दाखवली. “पाह्य वं, लागलं का काही?” शेजारीण म्हणाली, “अजिबात नाई!” काकूंच्या चेहऱ्यावर किंचित निराशा आली. आईचे ताठलेले खांदे सैल झाले. मला वाटतं त्या घटकेला तिचा क्लास पक्का झाला होता.

मी प्रास्ताविकाला उभी राहिले.

“बहिणींनो,” मी म्हणाले, “ही भिंत आपण स्वतःच्या हातानं रंगवली. कोणत्याही न दिसणाऱ्या रंगाला...”

कर्र.

“...रंगाला आपण बळी पडलो नाही. कारण जे वर दिसतं तेच...”

कर्रर्र.

सगळ्या बाया माझ्या डोक्याच्या वर बघत होत्या. मी वळले. खळ वाळत होती आणि वाळता वाळता आक्रसत होती. “शिवू या, शिकू या”चा वरचा कोपरा पापडासारखा वळला होता. कागदाचा कोपरा वळतो, त्यात काय! पण या कोपऱ्याला मागून पिस्ता रंगाचं अस्सल, दाट, बिनपाण्याचं तिहेरी साल होतं आणि सालाच्या मागे पांढरा चुना.

मी चटकन पुढे होऊन तो तळहातानं दाबला. कोपरा बसला आणि शेजारची हातभर भिंत फुगून पुढे आली.

“आता ग!” कुणीतरी म्हणालं.

मी ती दाबली. ती दबली आणि फुगा खिडकीकडे सरकला. मी त्याच्या मागे. चादरीखाली मांजर पळावं तशी हवा त्या भिंतीत पळत होती आणि मी दोन्ही हातांनी तिच्या मागे धावत होते. अकरा माना माझ्याबरोबर डावीकडे, माझ्याबरोबर उजवीकडे.

“बाबा!”

बाबा धावत आले. सुटलेलं पोस्टर पाहून त्यांचा पिढीजात हात आपोआप चालला. त्यांनी पातेलं उचललं आणि त्यावर आणखी खळ मारली!

आधीच सुटलेल्या सालाला हे ओझं सोसलं नाही. “सुई हाती, हक्क हाती” वरून सुटलं, क्षणभर अदबीनं पुढे झुकलं आणि आपल्याबरोबर दारापासून कोपऱ्यापर्यंतचा सगळा पिस्ता घेऊन निर्मलाकाकूंवर आलं. दाणकन नाही. सावकाश. शाल पांघरावी तसं.

खोलीत चुन्याचं धुकं झालं. मग त्या पिस्ता शालीच्या आतून काकूंचा आवाज आला.

“शीला! मागच्या खेपी चुनाच आला होता वं. या खेपी तं भितच आली!”

मी आईकडे पाहिलं. आई शालीकडे पाहत होती. दारातल्या दोन बायांनी चपलांकडे पाय सरकवले होते. एक तर पुटपुटलीसुद्धा, “घरी म्हंत होते, नको जाऊ म्हणून.” त्या क्षणावर मी आजवर एक ओळ लिहू शकलेले नाही. मी पत्रकांत बायांना घराबाहेर काढते. इथे मी अकरा बायांना परत घरी पाठवत होते.

आई उठली. तिनं काकूंच्या अंगावरचं साल अलगद उचललं. झटकलं. आणि मग तिनं जे केलं ते फक्त शिवणाऱ्या बाईलाच सुचेल: दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिलं, ताणून पाहिलं, उलटं करून आतली बाजू पाहिली. गिऱ्हाइकानं आणलेलं कापड पाहते तसं.

“बसा वं,” ती बायांना म्हणाली. “जाऊन कुठं राह्यल्या? इकडं पाहा. हे वरचं कापड. कसं हाये?”

“चांगलं हाये,” एक चाचरत म्हणाली. “चिवट हाये.”

“अन् मागं काय हाये?”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. “भुकटी.”

“वरचं कापड कितीबी भारी घ्या. मागं धरून ठेवणारं अस्तर नसलं तं ते असं अंगावरून सुटते. मले चाचानं सांगतलं होतं, म्या नाई आयकलं.” (माझं नाव तिनं घेतलं नाही. हे जास्त लागलं.) “आज पहिला पाठ तेच. अस्तर. ते दिसत नाई, म्हणून लोक त्याच्यात कंजुषी करतेत.”

दारातल्या चपला जागेवर राहिल्या.

“अन् ते बाकीचं?” दुसरीनं लोंबणाऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिचा हात शिवशिवत होता, हे स्पष्ट दिसत होतं. “वढू का?”

“वढ!”

आणि मग मी जे पाहिलं ते कोणत्याही सभेत पाहिलं नव्हतं. अकरा बाया एकदम उठल्या. कुणी कोपरा धरला, कुणी नख घातलं, कुणाच्या हाती साडीच्या पदराएवढं साल सलग आलं तर बाकीच्यांनी “वा वं वा!” केलं. कुणाचं साल सगळ्यात लांब, यावर पैज लागली. काही महिन्यांपूर्वी सासरी आलेली, तोवर तोंडातून शब्द न काढलेली एक मुलगी स्टुलावर चढून “मले द्या, वरचं मले द्या!” म्हणून ओरडत होती. चुन्यानं सगळ्या इतक्या माखल्या की कुणाच्या कापडाला काय लागलं हा प्रश्नच उरला नाही. निर्मलाकाकूंनी खिडकीजवळचा अख्खा पट्टा एका दमात काढला, कमरेवर हात ठेवले आणि आईला म्हणाल्या:

“माह्यं नाव लिव. बारावं.”

“तुमी शिकता?”

“शिकाचं पाहू मंग. मले आता या भितीचं पुढं काय होते ते पाह्याचं हाये!”

सांगितल्याप्रमाणे आठव्या दिवशी रफिकचाचा आले. दारातच थांबले. भिंतीवरून हात फिरवला. बहुतेक चुना सालाबरोबरच निघून गेला होता.

“या अल्ला! खरवडाचं एवढं काम कोणी केलं?”

“बायांनी,” मी म्हणाले.

“अन् तू?”

“मी प्रास्ताविक केलं.”

चाचांनी पिशवीतून पॉलिश पेपरची गड्डी काढून माझ्या हातात दिली. “उरलेलं घास.”

मी घासलं. तीन दिवस. पट्टी भरली की घासायचं, वाळली की पुन्हा घासायचं. चाचा बोटानं चाचपून सांगायचे, “इथं राह्यलं.” दिसत नव्हतं, पण बोटाला लागायचं. कुतूहल मला सोडत नव्हतंच: अस्तराचा हात दिल्यावर मी नखानं खरवडून पाहिलं, ओली चिंधी फिरवून पाहिली, भिंतीला गाल लावून पाहिला. गाल कोरडा, स्वच्छ! मग पिस्ता रंग आला, या खेपी पाणी घालून, पातळ, दोनच हात. आईच्या क्लासची पत्रकं आता भिंतीवर लागत नाहीत. बाबा दाराच्या चौकटीला सुतळी बांधून पोस्टर टांगतात आणि उसासा टाकतात.

परवा निर्मलाकाकूंचा फोन आला. त्यांचं घर रंगवायला काढलंय, जरा येऊन जा म्हणाल्या. मला भरून आलं. अखेर गावाला माझी गरज पटली! रात्रभर टिपण काढलं: कोणत्या खोलीला कोणता रंग, बाहेरच्या भिंतीला काय, लोखंडी खिडक्यांना काय, सगळं मुद्देसूद. सकाळी टिपण घेऊन दारात उभी राहिले.

“काकू, आधी कोणत्या भिंतीबद्दल बोलू?”

“बोलू नको बापा!” काकू दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या. “रंग चाचानं ठरवला. त्यानं सांगतलं, अख्ख्या सोनाळ्यात घासाई करावी तं शीलाच्या पोरीनंच. पॉलिश पेपर वट्ट्यावर ठेवला हाये.”

मी टिपण घडी करून खिशात घातलं आणि ओट्यावर गेले. आतापर्यंत मी लिहिलेली पत्रकं मोजली तर हजारांत जातील. त्यातलं एकही वाचून मला कुणी घरी बोलावलेलं नाही!